आजोबांची विंचेस्टर आणि शंभर यार्डांचं रान

नोव्हेंबर 2014. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वाची काही मंडळी जुन्या वस्तीच्या खुणा शोधत हिंडत होती. एका ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल त्यांना दिसली. दस्त्याचं लाकूड उन्हापावसानं भुरकट होऊन झाडाच्या सालीत मिसळून गेलेलं, बूड मातीत रुतलेलं, लोखंड तपकिरी पडलेलं. क्रमांकावरून कळलं की ती विंचेस्टर कंपनीच्या 1873 च्या मॉडेलची आहे आणि कारखान्यातून बाहेर पडली 1882 साली. कोणी टेकवली, न्यायला परत का आला नाही, कशाचाच पत्ता नाही. एक्स-रे काढला तेव्हा रायफल रिकामी निघाली. फक्त दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस जपून ठेवलेलं होतं.

ती रायफल आता शोभेची. पण तिच्या धाकट्या बहिणी अमेरिकेत लाखो घरांच्या कपाटांत उभ्या आहेत, आणि दर हिवाळ्यात त्यांच्यातली एखादी बाहेर काढून कोणीतरी विचारतं, हिच्यानं अजून शिकार होईल का?

माझ्यापर्यंत हा प्रश्न कुंपणावरून आला. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. स्वतः कधी हरणावर बार काढलेला नाही, काढेन असं वाटतही नाही, पण यंत्र कुठलंही असो, ते उघडून बघायची खोड जुनी आहे. शेजारच्या म्हातारबुवांकडे त्यांच्या वडिलांची विंचेस्टर 94 आहे, म्हणजे 1894 चं मॉडेल, पण बनलेली 1950 च्या दशकात. नातू म्हणतो, आजोबा, ती भिंतीवर टांगा आणि दुर्बीण लावलेली नवी रायफल घ्या. आजोबा म्हणतात, या रायफलीनं या घराला चाळीस वर्षं मटण खाऊ घातलंय. दोघांच्या भांडणात मी पंच म्हणून ओढला गेलो, आणि मग दोन हिवाळे त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन, कागद आणि आकडे चाळून जे समजलं ते इथे मांडतोय.

माझं उत्तर आधीच सांगतो. बहुतेक वेळा हो. पण कुठल्या रानात, हे विचारल्याशिवाय त्या होकाराला फारशी किंमत नाही.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. हिला लिव्हर रायफल म्हणतात. लिव्हर म्हणजे चापाभोवतीचीच कडी, मागे वाढवून तिच्यात तीन बोटं जातील असा फासा केलेला. फासा खाली ढकलला की आतला खिटा मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि जाता जाता घोडा चढवून ठेवतो. फासा वर ओढला की नवं काडतूस नळीत जातं आणि खिट्याच्या मागे एक ठोकळा वर येऊन दार पक्कं लावतो. गावातल्या हातपंपासारखी खट्-खट् अशी दोनच हालचाल, आणि रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागत नाही. उजव्या-डावखुऱ्या दोघांना सारखीच सोयीची.

ही कल्पना 1860 च्या हेन्री रायफलीनं चालवून दाखवली. ठासणीची बंदूक भरायला अर्धा मिनिट लागायचा त्या काळात हेन्रीत सोळा बार भरलेले असत. या कारखान्यामागचा पैसा ऑलिव्हर विंचेस्टर यांचा, आणि हे गृहस्थ मूळचे शर्टांचे कारखानदार. बंदुकीच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं नाव शर्ट शिवणाऱ्याचं असावं याची मला अजून गंमत वाटते. खरी कारागिरी मात्र पुढे आली ती युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंग यांच्याकडून. 1886, 1892, 1894 आणि 1895 ही विंचेस्टरची चारही मॉडेलं त्यांच्या डोक्यातून निघालेली. त्यातलं 1894 चं मॉडेल सत्तर लाखांहून जास्त विकलं गेलं. शिकारीच्या अमेरिकन रायफलींत ते सर्वाधिक विकल्या गेलेल्यांपैकी एक.

1894 ला नशीब काढून दिलं ते 1895 साली आलेल्या .30-30 या काडतुसानं. त्याआधीची दारू काळी, धुराचा ढग सोडणारी, नळीत काजळी धरणारी. .30-30 हे अमेरिकेत खास शिकारीसाठी बनवलेलं पहिलं बिनधुराच्या दारूचं काडतूस. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, एका इंचाचा तीस शतांश. दुसरा दारूच्या वजनाचा, तीस ग्रेन. विंचेस्टरनं मुळात त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. मार्लिन ही स्पर्धक कंपनी, ती आपल्या रायफलीवर विंचेस्टरचं नाव कशी कोरणार? त्यांनी नुसते आकडे लिहिले, आणि तेच टिकले.

आता या रायफलीच्या मुख्य दुखण्याकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

नळीच्या खाली दुसरी एक बारीक नळी असते. काडतुसं तिच्यात एकामागे एक, शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखी उभी. प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि काडतुसाच्या बुडाला मधोमध असते टोपी, जिच्यावर ठोका बसला की बार उडतो. आता गोळीचं नाक टोकदार असेल आणि बार उडताना रायफलीला धक्का बसला, तर मागच्या गोळीचं टोक पुढच्या टोपीवर खिळ्यासारखं आपटायचं. नळीतल्या नळीत स्फोट, आणि तोही डाव्या हाताच्या तळव्याखाली. म्हणून या रायफलींच्या गोळ्या शतकभर बोथट, चपट्या नाकाच्याच राहिल्या.

चपटं नाक हवेत फार रखडतं. टोकदार गोळी हवा कापत जाते, ही हवेला ढकलत जाते. वेग भराभर गळतो, वेग गळला की तेवढं अंतर कापायला वेळ जास्त लागतो, आणि तितका वेळ गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढत राहतं. लिव्हर रायफल लांबवर मारत नाही असं जे म्हणतात, त्यात लिव्हरचा दोष थोडा आणि त्या खालच्या नळीचा फार.

आकडे बघू. .30-30 ची नेहमीची गोळी 170 ग्रेनची. सोनाराच्या भाषेत, तोळा म्हणजे 180 ग्रेन, तेव्हा ही तोळ्याला जरा कमी. नळीतून निघते सेकंदाला 2200 फुटांनी. कंपन्यांच्या तक्त्यांत तिचा जोर (तो फूट-पौंड या मापात मोजतात) नळीच्या तोंडाशी 1827 फूट-पौंड, 100 यार्डांवर 1355, 200 यार्डांवर 989 आणि 300 यार्डांवर 720. हरणासाठी निदान हजार फूट-पौंड हवेत असा एक जुना ठोकताळा आहे. तो काही निसर्गनियम नाही, त्याहून कमी जोरात हरणं पडली आहेत आणि जास्त जोरात जखमी होऊन पळालीही आहेत. तरी ठोकताळ्याप्रमाणे पाहिलं तर हिची लक्ष्मणरेषा 200 यार्डांच्या अलीकडेच पडते.

जोरापेक्षा जास्त घात करतो तो झोक, म्हणजे गोळीचं खाली येणं. 100 यार्डांवर नेम अचूक बसवून ठेवला तर 200 यार्डांवर ही गोळी साधारण नऊ इंच खाली लागते, आणि 300 वर पावणेतीन फुटांच्या आसपास. त्याच अंतराला .30-06 या जास्त ताकदीच्या काडतुसाची टोकदार 150 ग्रेनची गोळी 200 वर तीन-साडेतीन इंच आणि 300 वर फूटभर किंवा थोडी जास्त खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग, जिथे हृदय आणि फुप्फुसं असतात, तो असतो सुमारे आठ इंच व्यासाचा, जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा. म्हणजे 200 यार्डांवर नेमके किती यार्ड हे चुकलं की .30-30 ची गोळी ताटलीच्या बाहेर. हरीण तीन पायांवर पळणार आणि शिकारी अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरणार.

यार्ड डोळ्यांसमोर येत नसतील तर क्रिकेटचं मैदान आठवा. खेळपट्टी 22 यार्डांची. शंभर यार्ड म्हणजे साडेचार खेळपट्ट्या टोकाला टोक लावून. दीडशे यार्ड म्हणजे मोठ्या मैदानाच्या एका सीमारेषेवर उभं राहून समोरच्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाकडे बघणं. त्याच्या छातीवरची ताटली दिसते का ते स्वतःच ठरवा. बहुतेक माणसांना साध्या डोळ्यांनी, थंडीत, धाप लागलेली असताना, त्याहून लांब मारता येत नाही. रायफल कुठलीही असली तरी.

आणि इथेच रानाचा प्रश्न येतो. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचे अ‍ॅडिरोंडॅक डोंगर, मेन, व्हर्मॉन्ट, अ‍ॅपलाशियाच्या दऱ्या, हा सगळा झाडीचा मुलूख. ओक, मेपल, हेमलॉक, खाली झुडपांची दाटी. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण अंगानं साधारण आपल्या चितळाएवढं. ते दिसतं तेव्हा चाळीस, साठ, फार तर ऐंशी यार्डांवर असतं आणि दोन खोडांमधल्या फटीतून तीन-चार सेकंदांपुरतं दिसतं. या रानात शंभर यार्ड नजर जाणं हीच चैन. इथे तीन किलोची, पातळ, वीस इंच नळीची रायफल, जी एका हातात मधोमध तोललेली राहते आणि विचार करायच्या आत खांद्याला लागते, ती मागे पडलेली नाही. चपटं नाक हवेत रखडतं खरं, पण मांसात शिरल्यावर तेच नाक जखम रुंद करतं. तोळाभर वजनाची मऊ शिशाच्या तोंडाची गोळी साठ यार्डांवर हरणाच्या बरगडीतून आरपार जाते. 1895 साली जात होती, आजही जाते. हरणाची कातडी तेव्हापासून जाड झालेली नाही.

आता हीच रायफल घेऊन वायोमिंगला जा. सपाट गवताळ माळ, झाड औषधालाही नाही, आणि तीनशे यार्डांवर प्राँगहॉर्न, म्हणजे तिथला काळविटासारखा प्राणी, तुमच्याकडे टक लावून बघतोय. त्याची नजर विलक्षण तेज आणि अंगात पळायची ताकद अफाट. जवळ सरकायला आडोसाच नसतो. इथे ती विंचेस्टर म्हणजे हातातली काठी. रॉकी पर्वतातल्या एल्क या मोठ्या हरणाचंही तेच. एक तर तो तीन-साडेतीनशे किलोचा, आणि दुसरं म्हणजे बरेचदा दरीच्या पलीकडच्या उतारावर दिसतो. एल्कच्या मागे दाट झाडीत सरपटत पन्नास यार्डांवर जाणारे जुने जाणते लोक .30-30 नं एल्क मारतातही. पण ते कौशल्य त्या माणसांचं, आणि ते कपाटातून रायफलीबरोबर वारशात मिळत नाही.

नातवाचा एक मुद्दा मात्र आजोबांना मान्य करावा लागला. आजोबा म्हणायचे, जड आणि सावकाश गोळी झुडपं फोडून सरळ जाते, टोकदार वेगवान गोळी काटकीला लागून भरकटते. लिव्हर रायफलवाल्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं आहे की काडतुसांना 'झुडपं फोडणारी' अशी बिरुदंच मिळाली आहेत. लोकांनी लाकडी दांड्यांची रांग उभी करून, पलीकडे कागद लावून, सगळ्या प्रकारच्या गोळ्या झाडून पाहिल्या आहेत. सगळ्याच भरकटतात. कुठली किती, यात थोडाफार फरक. काटकीआडून मारणं हे सगळ्याच रायफलींनी सारखंच वाईट. लिव्हर रायफल झुडपांत बरी पडते ती आखूड आणि चपळ असल्यामुळे.

नेम धरायची साधनं हा दुसरा कळीचा भाग. जुन्या 94 ला नळीच्या टोकावर एक मणी आणि अलीकडे इंग्रजी 'यू'सारखी खाच. विशीतल्या डोळ्यांना खाच, मणी आणि हरीण तिन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. पन्नाशीनंतर खाच धूसर होते. मग दुर्बीण लावू म्हटलं तर 94 चा जुना घाट आडवा येतो. ती पुंगळी थेट वर, आकाशाकडे फेकते. वर दुर्बीण असेल तर पुंगळी तिच्यावर आपटून परत आत पडायची. विंचेस्टरनं 1982 मध्ये पुंगळी तिरकी फेकणारी रचना आणली, पण कपाटातल्या बहुतेक रायफली त्याआधीच्या. मार्लिनचं 336 हे मॉडेल 1948 चं. ते पुंगळी उजव्या बाजूनं फेकतं, वरचा भाग सपाट आणि बंद. दुर्बीण सहज बसते. वडिलोपार्जित रायफल मार्लिनची निघाली तर निम्मा वाद तिथेच मिटला असं समजा.

विंचेस्टरवाल्यांसाठी मधला मार्ग आहे: मागच्या खाचेऐवजी, डोळ्याच्या जवळ, रायफलीच्या धडावर बसणारी भोकाची चकती. भोकातून नुसतं बघायचं, डोळा आपोआप मध्य साधतो, आणि मणी हरणावर टेकवायचा. धूसर खाचेची भानगडच उरत नाही. शेजारच्या आजोबांना ही चकती बसवल्यावर त्यांच्या गोळ्यांचा विस्कटलेला घोळका निम्म्यावर आला, आणि रायफलीत काही बदललं नव्हतं. एक सावधगिरी मात्र हवी. 1964 मध्ये विंचेस्टरनं खर्च वाचवायला बनावट बदलली, घडीव सुट्या भागांच्या जागी पत्र्याचे ठोकून काढलेले भाग आले. त्यामुळे 64 च्या आधीच्या रायफलींना संग्राहकांत वेगळा मान आहे. अशा रायफलीला मूळची भोकं नसतील तर नवी पाडू नका. धडाला भोक पाडलं किंवा वरचा निळसर मुलामा नव्यानं चढवला की संग्राहकाच्या लेखी ती निम्म्या किमतीची होते. जुनी पैठणी कापून कुर्ता शिवल्यासारखंच.

पण दुर्बिणीच्या आधी एक काम आहे, आणि ते टाळणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते. जुनी रायफल आधी बंदूक-कारागिराला दाखवा. तो तीन गोष्टी बघेल. खिटा बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते ते मापानं तपासेल. वर्षानुवर्षांच्या बारांनी मागचा ठोकळा झिजून ही फट वाढली असेल तर पितळी पुंगळी फुटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. नळीच्या आत बघेल. एके काळच्या टोप्यांतली रसायनं मिठासारखी ओल धरायची, आणि न पुसलेल्या नळ्यांतले, गोळीला फिरकी देणारे आटे गंजानं खाल्ले गेलेले सापडतात. आणि घोडा अर्ध्यावर धरून ठेवणारी खाच शाबूत आहे का ते तपासेल.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण जुन्या 94 ला वेगळं सुरक्षा-बटण नाही. अर्धा चढवलेला घोडा हीच सुरक्षा. नळीत काडतूस असताना पूर्ण चढलेला घोडा अंगठ्यानं धरून, चाप ओढून, हलकेच अर्ध्यावर आणायचा. उबदार खोलीत सोपं वाटतं. उणे आठ तापमानात, जाड हातमोज्यात, बोटं बधिर झालेली असताना अंगठा निसटला की बार उडतो. त्यात पेनसिल्व्हेनियात भरलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही, तेव्हा दिवसातून चार वेळा रिकामी करावी लागते. आणि 94 रिकामी करायची म्हणजे प्रत्येक काडतूस लिव्हर मारून नळीपर्यंत नेऊन बाहेर काढायचं. नळीचं तोंड कुठे आहे याचं भान इथे क्षणभरही सुटता कामा नये. नव्या रायफलींशी तुलना केली तर याच बाबतीत मी निःसंकोच नातवाच्या बाजूनं आहे.

रायफल फारच जुनी असेल, म्हणजे 1880 च्या दशकातली, तर आणखी एक सापळा आहे. नाव तेच, ताकद वेगळी. .45-70 हे काडतूस 1873 सालचं, सत्तर ग्रेन काळ्या दारूचं. आज त्याच नावाखाली सौम्य काडतुसंही मिळतात आणि आजच्या पोलादासाठी भरलेली अतिशय जबर काडतुसंही. दोन्ही त्याच नळीत बसतात. विंचेस्टर 1873 सारख्या रायफलींचं कुलूप तर कोपराच्या सांध्यासारखं मोडणारं, काळ्या दारूच्या दाबापुरतंच. तिच्यात चुकीचं काडतूस घालणं म्हणजे मातीच्या चुलीवर प्रेशर कुकरची शिटी बंद करून बसणं. .30-30 बाबत हा धोका नाही. बाजारातली नेहमीची काडतुसं जुन्या रायफलींचा दाब धरूनच भरलेली असतात.

काडतुसं मिळतात का, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा. .30-30 अमेरिकेतल्या कुठल्याही गावच्या हार्डवेअर दुकानात मिळतं (2020-21 च्या टंचाईत मात्र तेही गायब झालं होतं). आजोबांच्या रायफलीवर .25-35, .303 सॅव्हेज किंवा .32 स्पेशल कोरलेलं असेल तर काडतुसं शोधण्यातच हंगाम जायचा. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही; .30-30 साठी तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत, पण विसरल्या गेलेल्या काडतुसांसाठी कोण कशाला बनवेल? उलट काही राज्यांचे नियम जुन्या रायफलींच्या पथ्यावर पडलेत. ओहायोत पूर्वी हरणासाठी रायफलच चालत नव्हती. सपाट प्रदेश, मध्ये मध्ये घरं, लांब जाणारी गोळी नको म्हणून. 2014 पासून तिथे सरळ भिंतीच्या, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेल्या काडतुसांना परवानगी मिळाली, आणि दीडशे वर्षांचं .45-70 अचानक पुन्हा कामाचं झालं. त्याच कारणासाठी 2023 मध्ये रेमिंग्टननं .30-30 ची मान सरळ करून लिव्हर रायफलींसाठी नवं काडतूसच काढलं.

बोथट नाकावरही उपाय निघाला आहे. हॉर्नाडी कंपनीनं 2006 च्या सुमारास टोकदार पण टोकाला रबरासारखं मऊ प्लास्टिक असलेली गोळी आणली. पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटली तरी टोक दबतं, ठोका बसत नाही. वेगही थोडा वाढला, 160 ग्रेनची गोळी 2400 फुटांनी. यानं .30-30 ची पोच पन्नासेक यार्डांनी पुढे सरकली असं धरायला हरकत नाही. जाहिरातींत त्याहून जास्त वाचायला मिळतं. मी पन्नासवर थांबेन.

आणि एक जुनी रायफल अशी आहे जी हे सगळे नियम मोडते. जमैकात जन्मलेले आर्थर सॅव्हेज यांनी 1890 च्या दशकातच खालची नळी टाकून दिली. त्यांच्या 1899 च्या मॉडेलात काडतुसं एका फिरत्या चक्रात, रहाटाच्या पोहऱ्यांसारखी बसतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला लागतच नाही. म्हणून टोकदार गोळी चालते. घोडाही आत लपलेला. बाजूला एक छोटी खिडकी, तिच्यात किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो. 1920 साली तिच्यासाठी आलेलं .300 सॅव्हेज अडीचशे यार्डांपर्यंत हरणाला पुरून उरतं. काउबॉयपटांत ती कधी गाजली नाही, पण कपाटातून सॅव्हेज 99 निघाली तर 'जुनी लिव्हर रायफल लांब मारत नाही' हे वाक्य परत घ्यावं लागतं. इतकी चांगली असूनही ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. बनवायला महाग होती, आणि बोल्ट रायफल, म्हणजे खिट्याची मूठ हातानं उचलून मागे-पुढे ओढायची रायफल, स्वस्तात तेच काम करायला लागली होती.

बोल्ट रायफलीनं लिव्हरला मागं टाकलं त्यात युद्धाचा वाटा मोठा. जमिनीवर पालथं झोपून लिव्हर खाली ढकलायला जागा नसते, म्हणून सैन्यांनी बोल्ट घेतली. पहिल्या महायुद्धातून लाखो तरुण तीच हाताळून घरी परतले आणि शिकारीलाही तीच मागू लागले. अचूकतेतही ती सरस आहे. चांगली नवी बोल्ट रायफल 100 यार्डांवर तीन गोळ्या इंचभर वर्तुळात घालते, जुनी 94 दोन-तीन इंचांत. आठ इंचांच्या ताटलीसाठी दोन्ही पुरेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच, की आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका आहेत त्या या यंत्राच्याही आधीच्या पिढीतल्या. पण ज्यांची मुलं-भावंडं अमेरिकेत गावाकडच्या भागात राहतात, त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल: थँक्सगिव्हिंग झालं की शेजारी नारिंगी जाकीट चढवतात आणि कित्येक शाळांना हंगामाच्या सोमवारी चक्क सुट्टी असते, बैलपोळ्याला आपल्याकडे वर्ग ओस पडायचे तशीच.

राहता राहिला आजोबा-नातवाचा वाद. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघं मैदानावर गेलो. आजोबांनी नऊ इंचांच्या कागदी ताटल्या आणल्या होत्या, वाढदिवसाच्या केकच्या. टेकू न घेता, उभ्यानं, जसं रानात मारतील तसं. 50 यार्डांवर पाचपैकी पाच. 75 वर पाच. 100 वर पाच, त्यातली एक काठावर. 125 वर तीन. नातवानं तोंड उघडायच्या आत आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली, दस्त्यावर चिकटवलेल्या, मारायचं कमाल अंतर लिहिलेल्या पांढऱ्या पट्टीवर आधीचा 150 खोडला आणि खाली 100 लिहिलं. मग नातवाची नवी दुर्बीणवाली रायफल उचलून म्हणाले, आता तू उभ्यानं मार, पट्टी मी आणलीय. त्याचा आकडा 110 निघाला.